डूममधलं जिनिंग: नोंद 6, गंज्या आणि गल्ल्या

फाटक आणि वजनकाटा मागच्या नोंदीपर्यंत झाले होते. या पंधरवड्यात आवार घेतलं. आमच्याकडे सध्या रात्रीची लाईन आहे. मोटार सुरू करून आलो की पाणी भरेपर्यंत लॅपटॉप उघडून बसायचं, असं चाललंय. आवारातच सहा रात्री गेल्या.

नव्यानं वाचणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. हिंगणघाटकडच्या आमच्या गावाबाहेर एक बंद पडलेलं जुनं जिनिंग आहे, त्याचा 'डूम 2' या राक्षसांवर गोळ्या झाडायच्या जुन्या कॉम्प्युटर खेळासाठी नकाशा, म्हणजे खेळायची जागा, करतोय. लहानपणी बाबांबरोबर बंडीवर, कापसाच्या वर बसून मी तिथे जायचो. नकाशाची वाटही तीच ठेवली आहे. कापूस जसा जायचा तसाच खेळाडू जातो: फाटक, काटा, गंज्या, मशीनघर, शेवटी प्रेस.

आवारात अकरा गंज्या उभ्या केल्या. प्रत्येकीची उंची वेगळी, उजेड वेगळा. दिसायला फार सुंदर झालं होतं. पण फाटकात उभं राहून आत पाहिलं की चॉकलेट डूम (मूळ खेळासारखाच, त्याच्या अटींसकट चालणारा प्रोग्रॅम) तिथल्या तिथे बंद. मूळ इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा प्रोग्रॅम, एका वेळी दिसणाऱ्या जमिनी आणि छतांचे मिळून 128 तुकडेच धरतं, त्याच्या वर गेलं की हात टेकतं. जीझेडडूम या नव्या इंजिनमध्ये ही अट नाही, तिथे सगळं पहिल्यापासून सुरळीत चालत होतं. तरी मला नकाशा मूळ अटीतच बसवायचाय. 1999 साली तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी पहिल्यांदा 'हँगर', म्हणजे पहिल्या डूमचा पहिला नकाशा, खेळलो, तसल्या जुन्या मशीनवरही हा चालला पाहिजे.

उपाय इंजिनच्या स्वभावातच सापडला. उंची, पोत आणि उजेड तिन्ही सारखे असले तर इंजिन ते शक्यतो एकाच तुकड्यात धरतं. म्हणून अकरा उंचींच्या तीन केल्या आणि उजेड सगळीकडे 192. आता फाटकातून पूर्ण आवार दिसतं आणि खेळ चालू राहतो. खरं तर खऱ्या गंज्याही दुरून सारख्याच दिसायच्या.

मशीनघराचा माळा मात्र मूळ जागी बसला नाही. या इंजिनमध्ये खोलीवर खोली चढवता येत नाही, एका जागेला एकच जमीन आणि एकच छत. माळा बाजूला सरकवला, 24-24 च्या (खेळाच्या मापात) चार पायऱ्या दिल्या. खेळाडू एका दमात 24 च चढू शकतो.

आता गल्ल्यांविषयी, कारण या नोंदीतलं मला सर्वांत आवडलेलं काम तेच आहे. दोन गंज्यांमध्ये आधी 64 ची वाट ठेवली होती. खेळाडूची रुंदी 32, आगीचे गोळे फेकणाऱ्या इम्प राक्षसाची 40 आणि चावणाऱ्या पिंकी राक्षसाची 60. म्हणजे 64 मधून सगळेच घुसतात आणि गल्लीला काही अर्थ राहत नाही. ती 56 केली. आता इम्प मागे येतो, पिंकी तोंडाशीच अडते. तोंडाजवळ उभं राहिलात तर ती तिथूनही चावते, त्यामुळे आत सरकावं लागतं, आणि आत दुसऱ्या बाजूनं इम्प आलेला असतो. आठ आकड्यांच्या फरकानं अख्खं आवार जिवंत झालं! कपाशीच्या दोन तासांमधून डवरा जाईल की नाही हे आपण पेरतानाच ठरवतो, तसंच हे. डूमचे नियम असे मोजता येतात, हाताला लागतात. तीस वर्षांहून जास्त काळ लोक यात रमले त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. 10 डिसेंबर 1993 ला पहिला डूम आला, पहिला भाग फुकट वाटायची मुभा होती, नकाशे इंजिनपासून वेगळ्या, वॅड नावाच्या फाइलीत ठेवले होते, आणि 1997 मध्ये त्याचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकनं सोर्स कोडही खुला केला. झाकून ठेवलेलं जवळपास काही उरलंच नाही.

आवाजाचंही असंच. फाटकात पहिली गोळी झाडली की मशीनघरातले चौदाही इम्प जागे होऊन दारात गर्दी करायचे, मग बाहेरून एकेक टिपायचा, मजा संपली. डूममध्ये गोळीचा आवाज उघड्या वाटांनी एका खोलीतून दुसरीत पसरत जातो. आवाज अडवणारी रेघ आखता येते, पण एक रेघ तो ओलांडतोच, दुसरीवर थांबतो. एक ओसरीवर आखली, दुसरी आतल्या उंबऱ्यावर. आता आत शिरलं की मशीनघर अंधारं आणि शांत, सगळे पाठमोरे.

वर्ध्याला शिकणाऱ्या भाच्यानं खेळून डेमो, म्हणजे खेळाची नोंद, पाठवला. डेमोत फक्त कळा नोंदलेल्या असतात, सेकंदाला 35 वेळा, दर वेळी 4 बाइट. त्याचा सहा मिनिटांचा खेळ 50 केबीत आला, आमच्या गच्चीवरच्या रेंजमध्येही लगेच उतरला. इंजिन नशिबाचे आकडेसुद्धा 256 आकड्यांच्या ठरलेल्या यादीतून घेतं, त्यामुळे त्याची प्रत्येक गोळी माझ्याकडे हुबेहूब तशीच लागली. काट्यापाशी तो वीस सेकंद भिंतीला घासत फिरताना दिसला. फोन केला तर म्हणाला, "मामा, थ्या काट्यापाशी दारच दिसत नाही ना!" बरोबर होतं त्याचं. दाराला भिंतीचाच पोत होता. दोन्ही कडांना दाराची पट्टी लावली, समोरच्या जमिनीचा उजेड 144 वरून 208 केला. दुसऱ्या डेमोत तो न थांबता सरळ आत गेला.

आता प्रेसची खोली. गाठ दाबायचा प्रेस म्हणून खाली-वर होणारं चिरडणारं छत वापरणार आहे. संथ ठेवला तर खऱ्या प्रेससारखा दिसतो, वेगात ठेवला तर खालून पळताना छातीत धडधडतं. दोन्ही करून ठेवतो, भाच्याचे डेमो आले की ठरवू.