नाटक किती वाजता सुटेल?

रविवार, रात्री

सकाळी चहाच्या आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान वेगळं काढलं आणि ओट्यावर पसरलं. गेले काही आठवडे हे पान रोडावलं होतं. दरवर्षीचंच आहे. फेब्रुवारीत बारावी सुरू होते, तिच्या पाठोपाठ दहावी, आणि घरोघरची माणसं नाटकाचं नाव काढत नाहीत. निर्मातेही हे दिवस ओळखून असतात, प्रयोग कमी लावतात. पण पाडवा जवळ आला की पान पुन्हा भरायला लागतं. आज मोठ्या अक्षरांत ‘शुभारंभ’ दोनदा दिसला, ‘मोजके प्रयोग’ तर जागोजागी. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, प्रबोधनकार, गडकरी, आमचं फुले नाट्यगृह. नावं वाचतानाच बरं वाटलं.

पेन्सिलीने तीन खुणा केल्या. एक नवं कौटुंबिक नाटक, दोन अंकी, शनिवारी रात्री डोंबिवलीतच. दुसरं एक रहस्यनाट्य, लेकीचा हट्ट. तिसरी खूण करताना हात जरा थांबला. ‘संगीत सौभद्र’. गिरगावात, साहित्य संघ मंदिरात, रविवारी दुपारी चारला. जाहिरात अगदी छोटी, कलाकारांच्या नावांखाली ऑर्गन आणि तबल्याच्या साथीदारांचीही नावं. ती नावं छापली आहेत, हे पाहूनच मी खूण केली.

नवऱ्याने पान उलटं वाचत विचारलं, “सुटेल किती वाजता?”

स्टेशनवर स्कूटर घेऊन त्यालाच यायचं असतं, म्हणून विचारतो. कौटुंबिक नाटकाचं उत्तर सोपं होतं. सौभद्राचं देता आलं नाही.

मंगळवार

रविवारपासून त्याच प्रश्नात आहे. गद्य नाटक साधारण केव्हा संपणार हे ठरलेलं असतं. ठरावंच लागतं, कारण त्याच रंगमंचावर पुढच्या नाटकाला नेपथ्य लावायचं असतं. सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही प्रयोग एकाच दिवशी. एका नाटकाचा सोफा बाहेर निघतो तोवर दुसऱ्याचे दरवाजे टेंपोतून उतरत असतात. आपल्याकडे नाटकाला स्वतःचं घर नाही. एकच नाटक आज दादरला, उद्या ठाण्याला, परवा बोरिवलीला उभं राहतं, आणि ते उभं करणारी माणसं शेवटची लोकल डोक्यात ठेवून हात चालवतात. त्या माणसांबद्दल मला फार वाटतं. पडदा उघडल्यावर भिंत सरळ दिसते, तेव्हा ती तासाभरापूर्वी इथे नव्हती हे कुणाच्या मनातही येत नाही.

संगीत नाटकाची तऱ्हा वेगळी. पद किती मिनिटांचं, हे गाणाऱ्याच्या गळ्यावर आणि त्या दिवशीच्या प्रेक्षकांवर. गाताना सुरांची चांगली जागा घेतली, दाद आली, की गाणारा तालाचं आणखी एक आवर्तन घेतो. ‘वन्स मोअर’ आला तर पद पुन्हा. म्हणजे प्रयोगाची लांबी थोडीफार आपल्याही हातात असते. दुसऱ्या कुठल्या नाटकात प्रेक्षकाला हा मान आहे?

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. दोन वर्षांनी ‘सौभद्र’. तेव्हा नाटकं रात्र रात्र चालत. सौभद्रात कृष्ण रुक्मिणीला ‘प्रिये पहा’ म्हणत रात्र सरून उषःकाल येतोय ते दाखवतो, ते पद नाटक बरंच पुढे गेल्यावर येतं. रात्रभर चाललेल्या प्रयोगात ते पद होऊन प्रेक्षक बाहेर पडले असतील, तेव्हा खरंच उजाडत आलं असेल, असं मला नेहमी वाटतं. आपण ते ऐकणार संध्याकाळी सहा-साडेसहाला, वातानुकूलित अंधारात. तरीही अंगावर काटा येतो. त्या चालीत पहाट कुठे ठेवलीय, मला आजवर सापडलेलं नाही.

१२ मार्च

याच तारखेला १९११ साली मुंबईत, रिपन थिएटरमध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायिका भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले.

शाळेत असताना ही गोष्ट मला थोर वाटायची. मावशी सांगायची तेव्हा तिचा आवाज भरून यायचा, माझाही. लेक झाल्यावर ती गोष्ट तशी उरली नाही. आता मला त्या मुलीची आई दिसते. थिएटरात टाळ्या पडत असतील त्या वेळी ती कुठे बसली असेल, तिच्याजवळ कोण असेल? बालगंधर्वांवरचं प्रेम यामुळे कमी झालेलं नाही. पण ही गोष्ट मी लेकीला सांगेन तेव्हा नुसती कर्तव्याची म्हणून सांगणार नाही.

शुक्रवार

लेक म्हणाली, “आई, तुला आपलंच जुनं का लागतं? फँटम आठवत नाही का?”

आठवतं की. २०२५ च्या मार्चमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरला ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ आलं होतं, आम्ही दोघी गेलो होतो. ते ग्रँड थिएटर २०२३ च्या ३१ मार्चला सुरू झालं, दोन हजार आसनांचं. झुंबर वरून खाली आलं तेव्हा लेकीने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. सुंदर प्रयोग होता. शंभर गोष्टी एकमेकींत अडकवलेल्या, दिवा आणि सूर एकाच क्षणी. परदेशात न जाता हे मुंबईत बघायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे, आणि पुन्हा असं काही आलं तर पैसे साठवून जाईन.

पण तिथे कुणी ‘वन्स मोअर’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? टाळ्यांसाठी जागा ठेवलेली असते, ती संपली की सगळं पुढे सरकतं. सरकलंच पाहिजे, नाहीतर ते झुंबर कसं खाली येणार! आमच्या सौभद्रात झुंबर नाही. मागे एक रंगवलेला पडदा, कोपऱ्यात ऑर्गन, आणि गाणाऱ्याने मान वळवून तबलजीकडे पाहिलं की पुढचं दोघांनी मिळून तिथल्या तिथे ठरवायचं. हे घडताना बघायला दोन हजार माणसांत लांबून बसून चालत नाही. डोळे दिसावे लागतात.

लेकीला हे ठाऊक आहे. लहान होती तेव्हा ‘देवबाभळी’ला नेलं होतं. रंगमंचावर दोघीच, तुकारामांची आवली आणि तिच्या पायात रुतलेल्या काट्यामुळे तिच्या घरी आलेली रखुमाई. इंद्रायणीकाठचं सगळं घर त्या दोघींच्या आवाजात उभं राहिलं होतं. परतताना लोकलमध्ये लेक बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “त्या खरंच गात होत्या.” आज तिला तेच आठवून दिलं. म्हणाली, शेवटचा पेपर झाला की येते.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. मागच्या वर्षी एका संगीत नाटकाला गेले होते. सभागृहाचं नाव लिहीत नाही. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, आणि आयोजकांनी वेळ वाचवायला सात पदं काढून टाकलेली. नायिकेचं एक पद तर नुसतं धृपदावर थांबवलं. मुलगी चांगली तयारीची होती, गळा तापत आला होता, आणि तिला तिथेच अडवलं. तिच्या चेहऱ्यावर ते क्षणभर दिसलं, मग तिने पुढचा संवाद घेतला. हे पुन्हा होऊ नये असं वाटत असेल तर परीक्षेच्या दिवसांतही खुर्च्या भरायला हव्यात. आपणच नाही गेलो तर साथीदारांना बोलावणं परवडणार कुणाला?

रविवार

मावशीला फोन केला. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली यंदा. तिची खोली साहित्य संघापासून पायी सात मिनिटांवर, आता तिला पंधरा लागतात.

मी म्हटलं, “मावशी, सौभद्र आहे. कडेची खुर्ची घेतलीय तुझ्यासाठी, लेकही येतेय.”

तिचा पहिला प्रश्न, “कोणती पदं काढलीत?”

“ते कसं कळणार आधी?”

“विचारायचं. तिकीट काढताना विचारायचं. ‘वद जाऊ कुणाला शरण’ पुरतं होणार असेल तर येते.”

मग मी तिला परतीची अडचण सांगितली. चर्नी रोडहून दादर, पूल ओलांडून आमची गाडी, पुढे रविवारचा मेगाब्लॉक कितीपर्यंत लांबेल सांगता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. तिने सगळं ऐकून घेतलं.

“गाडी चुकली तर चुकली. दोघी इकडेच राहा,” म्हणाली. “गाद्या उद्याच उन्हात टाकते.”