आमची वाटचाल : कार्ड कोणाकोणाच्या हातून आलं?

न्यू जर्सीत आम्ही जुनी बेसबॉल कार्डं (खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी संग्रहकार्डं) घेतो आणि विकतो, मुख्यतः १९०९ ते १९५७ या काळातली. सुरुवातीला नोंदवहीत तीनच रकाने होते: कार्ड, ग्रेड (म्हणजे कार्डाच्या अवस्थेला दहापैकी मिळालेले गुण), किंमत. ‘आधीचे मालक’ हा रकाना नंतर आला आणि आज महागडं कार्ड घेताना सर्वांत जास्त वेळ त्याच्यावर जातो. मात्र एक नियम कायम आहे. मालकाच्या नावाचे पैसे आम्ही देत नाही. ते नाव नेमकं याच कार्डाला जोडणाऱ्या पुराव्याचे देतो.

हा फरक दोन प्रसिद्ध कार्डांवरून कळतो. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी२०६ या सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या संचातलं एक कार्ड १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्यांचे संघमालक ब्रूस मॅकनॉल यांनी सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. कार्डं तपासून ग्रेड देणाऱ्या पीएसए कंपनीचं हे पहिलंच कार्ड, ग्रेड ८. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. मग २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रोने न्यायालयात कबूल केलं, की कार्ड आपल्या हातात असताना आपणच त्याच्या कडा, नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून, कापल्या होत्या. म्हणजे मालकांची यादी खरी होती आणि कापणारा त्याच यादीत होता. मोठी नावं असली की कडा तपासायची गरज नाही, असं मानणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो.

दुसरं, टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड, क्रमांक ३११. १९८० च्या दशकाच्या मध्यात व्यापारी ॲलन रोझन यांना मॅसॅच्युसेट्समध्ये त्या संचाचा जवळजवळ न हाताळलेला साठा मिळाला. त्यातलं हे कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकलं गेलं, सोबत रोझन यांचं पत्र. पुढे तीस वर्षं ते एकाच मालकाकडे राहिलं आणि २०२२ मध्ये, एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या ९.५ ग्रेडसह, १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. इथे इतिहास उपयोगी पडला, कारण कार्ड कुठून निघालं आणि मधल्या काळात किती हातांतून गेलं, दोन्ही त्यातून कळतं.

म्हणून आमच्याकडे आधी कार्ड बोलतं, मग कागद. सुट्या कार्डाची रुंदी आणि उंची डिजिटल कॅलिपरने प्रत्येकी तीन ठिकाणी मोजतो. १९५२ चं टॉप्स २⅝ बाय ३¾ इंच, टी२०६ साधारण १⁷⁄₁₆ बाय २⅝ इंच. कारखान्यातली कापणीच कमी-जास्त असायची, त्यामुळे थोडं लहान माप हा गुन्ह्याचा पुरावा नाही. खरी साक्ष कडेची. दहापट भिंगाखाली जुनी कड पिवळसर आणि तंतू उठलेली दिसते; नवी कापलेली कड पांढरी, धारदार, आणि कोपरा बाहेर ओढल्यासारखा. मग अंधारात ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा कागद निळा-पांढरा चमकला तर थांबायचं: उजळपणा आणणारी ती रसायनं कागदात नंतर आली. कडेला पेनाने रंग भरला असेल, तर तोही बहुतेक वेळा या उजेडात वेगळा दिसतो.

यानंतर कागद. गावाकडे जमीन घेताना सातबाऱ्यासोबत फेरफार पाहतात, तसं आम्ही कार्ड ज्या ज्या लिलावांतून गेलं ते कॅटलॉग काढतो. पुढून-मागून १२०० डीपीआयवर स्कॅन करून जुन्या फोटोशी किमान पाच खुणा जुळवतो: समासांचं प्रमाण, शाईचे चुकार ठिपके, कागदातला तंतू, डाग, कोपऱ्याची घडी. खुणा जुळल्या पण एक समास आता अरुंद आहे, किंवा जुन्या फोटोतला डाग गायब आहे, तर कार्ड मधे कुणीतरी ‘सुधारलं’. २०१९ मध्ये संग्राहकांनी कापलेली, पण तरीही ग्रेड मिळालेली कार्डं अशाच आधीच्या-नंतरच्या फोटोंवरून उघडी पाडली. स्लॅबमधल्या, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने लेबल लावून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेल्या, कार्डाची कड नीट तपासता येत नाही. तिथे हा जुना फोटोच आपलं भिंग.

साखळी तुटते ती बहुतेक वेळा निष्काळजीपणाने. चांगल्या ग्रेडच्या आशेने स्लॅब फोडतात आणि जुनं लेबल फेकतात. ओहायोतल्या डिफायन्समध्ये २०१२ साली माळ्यावर सापडलेल्या १९१० च्या ई९८ या संचातल्या कार्डांच्या लेबलवर ‘ब्लॅक स्वॅम्प फाइंड’ असं छापलं आहे. ते लेबल गेलं की उरतं फक्त एक चांगलं ई९८. घरातल्या वारशाचंही तसंच. आल्बममधून कार्डं सोडवण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या. पानावरचा गोंदाचा डाग आणि कार्डाच्या पाठीवरचा डाग जुळतो, आणि याहून भक्कम पुरावा आम्हाला माहीत नाही. रिकामा आल्बम, सिगारचा डबा, पाकिटं टाकू नका. ‘आजोबांचं होतं’ एवढ्या तोंडी सांगण्याचे मात्र आम्ही एक डॉलरही जास्त देत नाही, सांगणारा कितीही सज्जन असो.

मालकीचा प्रश्न याहून कडक. अमेरिकन कायद्यात चोराकडून पुढे शुद्ध मालकी जात नाही; प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्यालाही वस्तू परत करावी लागू शकते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या स्पाल्डिंग संग्रहातून बेसबॉलचा बराच जुना ऐवज चोरीला गेला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या फोटो-कार्डाच्या पाठीवर खरवडलेली जागा किंवा अर्धवट शिक्का दिसला, की आम्ही व्यवहार थांबवतो. विकणाऱ्याचं ओळखपत्र, मालकीचं सहीचं निवेदन आणि वारसा असेल तर मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याचं पत्र, याशिवाय पैसे देत नाही.

सगळ्याच कार्डांना हा खटाटोप नको. १९५६ च्या टॉप्समधला एखादा साधा खेळाडू, ग्रेड ५, आधी कोणाकडे होता याने किमतीत काही फरक पडत नाही; तिथे माप आणि भिंग पुरे. स्वाक्षरी केलेलं कार्ड असेल तर उलट: सही कधी, कुठे, कोणासमोर झाली याची नोंद आम्ही आधी मागतो.

विकताना आम्ही बिलावर स्लॅबचा क्रमांक, आमचे स्कॅन आणि आधीच्या लिलावांचे लॉट क्रमांक लिहून देतो. हे बिल जपून ठेवावं. वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या संग्रहवस्तूच्या नफ्यावर अमेरिकेत केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो आणि खरेदीची किंमत सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते. वारशाने आलेल्या कार्डाची किंमत सहसा मृत्यूच्या तारखेच्या बाजारभावाने धरतात, त्यामुळे तेव्हाचं लेखी मूल्यांकनही त्याच पाकिटात ठेवावं.