मामा, सात आणि एक्स-विंग
आज परभणीहून संभाजीनगरला येताना रेल्वेत मामांसोबत पेपरातलं अवघड सुडोकू सोडवलं. निम्म्यावर सगळं अडलं. मामा म्हणाले, "अंदाजानं टाकू नको, ७ कुठं कुठं बसतो तेवढं बघ."

दुसऱ्या आडव्या ओळीत ७ ला दोनच घरं. सहाव्या ओळीतही दोनच, आणि तीसुद्धा त्याच तिसऱ्या-आठव्या रकान्यात! म्हणजे दोन्ही सात तिरपेच बसणार, असे नाहीतर तसे. मग त्या रकान्यांतल्या बाकी घरांतून ७ बिनधास्त खोडायचा. हेच एक्स-विंग. काय सुंदर आहे हे! सेलू गेलं तसं एक घर सुटलं, जालन्यापर्यंत भराभर सगळी.

(सुडोकूला एकच उत्तर हवं तर सुरुवातीला किमान १७ आकडे द्यावेच लागतात, हे २०१२ मध्ये संगणकानं तपासून दाखवलंय.)

उद्या मामा स्वोर्डफिश शिकवणारेत, हीच युक्ती पण मोठी. तीन ओळी, तीन रकाने.