कोमट टाकी

जानेवारीतली पहाट, साडेपाचचा सुमार. प्लंबरकाकांचा फोन आला तेव्हा वाटलं, नर्मदेचं पाणी आलं नसेल. आमच्या इंदुरात पहाटेचे फोन बहुधा त्याचेच. पण काका म्हणाले, "ताई, सातव्या मजल्यावरचा गेस्ट जेटच्या पाण्याने पोळला. थंड लाईनीत गरम पाणी येतंय."

हॉटेल सात मजली, उघडून जेमतेम तीन आठवडे झालेले. नळकामाचं डिझाइन माझं. गच्चीवर पाणी तापवणारा हीट पंप, 60 अंशांवर ठेवलेली गरम पाण्याची टाकी, तिथून खाली जाणारी लाईन, आणि नळांनी न घेतलेलं पाणी टाकीत परत आणणारी बारीक परतीची लाईन. नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून हा फेरा एका पंपाने रात्रंदिवस चालू ठेवतात.

पोहोचले तेव्हा मॅनेजर तापलेला, काका शांत. त्यांनी फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून दाखवलं. आतून वाफ येत होती. हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती.

माझा पहिला संशय मिस्त्र्यांवर: कुणीतरी गरमचा पाइप थंडाला जोडला असणार. खरं सांगायचं तर तसंच निघावं असं मनातून वाटत होतं. पाइपांच्या शाफ्टमध्ये दोन तास गेले. सगळ्या जोडण्या बरोबर.

मग काका गच्चीवर गेले आणि थंड पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. "ताई, तुम्हीपण घालून बघा." पाणी कोमट. रात्रभर गारठ्यात उभी असलेली टाकी कोमट! म्हणजे गरम पाणी थंड लाईनीतून उलटं चढून टाकीपर्यंत येत होतं. कुणीतरी ते ढकलत होतं.

सातव्या मजल्यावर दाबाचा गेज लावला. थंड लाईन अर्धा किलो, गरम साडेतीन किलो. फेऱ्याचा पंप बंद करायला सांगितलं, आणि गरमचा काटाही अर्ध्यावर आला.

वाट मिक्सरमधून, म्हणजे गरम आणि थंड पाणी मिसळणाऱ्या नळातून, मिळाली होती. हँड शॉवरच्या मुठीवर बटण असतं. लोक तेवढं दाबून पाणी बंद करतात आणि मिक्सर उघडाच ठेवतात. मग मिक्सरच्या पोटात दोन्ही लाईनी एकमेकींना भेटतात, आणि ज्या बाजूचा दाब जास्त तिचं पाणी दुसरीत घुसतं. मिक्सरवर पाणी उलटं जाऊ न देणारे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हते. ड्रॉइंगमध्येही नव्हते, म्हणजे तेही माझंच.

गच्चीवरच लॅपटॉप उघडला. फेऱ्याचा पंप: ताशी 3,000 लिटर, हेड, म्हणजे पंप पाणी जेवढ्या उंचीवर ढकलू शकतो ती, 32 मीटर, 1 एचपी. हे 32 आले कुठून? हौदापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत 28, वर घर्षणाचे 4. पाणी चढवायच्या पंपाचा तक्ता मी कॉपी केला होता आणि वरचं नाव तेवढं बदललं होतं.

नर्मदेचं पाणी 1978 पासून जलूदहून, जवळजवळ 70 किलोमीटरवरून, इंदुरात चढवून आणतात. तिथे चढाचा प्रत्येक मीटर पंपाला भरावा लागतो, कारण वर आलेलं पाणी त्याच पाइपातून परत खाली जात नाही. बंद फेऱ्यात मात्र जेवढं चढतं तेवढंच दुसऱ्या अंगाने उतरतं, आणि उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला उचलून धरतं. पंपाकडे उरतं ते फक्त घर्षण. इमारत सात मजल्यांची असो की सत्तर, उंची हिशेबात येतच नाही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले आहेत.

ताशी 3,000 लिटर हाही आकडा चुकलेला. तो नळांच्या वापराचा होता, आणि नळांना पाणी टाकीच्या उंचीनेच मिळतं. पंपाने फक्त पाइपांतून निसटलेली उष्णता भरून काढायची. ती निघाली सुमारे 2 किलोवॅट. 60 अंशांनी गेलेलं पाणी 55 नी परतलं तरी चालतं, म्हणून प्रवाह लागतो ताशी साडेतीनशे लिटर. हेड भरलं 3 मीटर. त्याला 45 वॅटचा सर्क्युलेटर, म्हणजे पाणी नुसतं फिरवणारा छोटा पंप, पुरतो. मी लावलेला 750 वॅटचा पंप दिवसाला 18 युनिट खात होता, आणि परतीच्या पाइपात पाणी असं धावत होतं की वळणावरचे तांब्याचे एल्बो फार दिवस टिकले नसते. मंजुरीच्या वेळी कुणी एक प्रश्न विचारला नाही. मोठा पंप कुणाला खटकत नाही. लहान लिहिला असता तर चार जणांनी हरकत घेतली असती.

मॅनेजरने विचारलं, चूक कोणाची? काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर पान्ह्यांच्या पिशवीकडे वळवली. "माझी," मी म्हटलं. नव्या पंपाचे आणि व्हॉल्व्हचे पैसे माझ्या फीतून गेले.

सर्क्युलेटर दोन दिवसांनी आला, नारळाएवढा. काकांनी तो तळहातावर तोलला. "एवढ्याने होईल?" संध्याकाळी परतीच्या लाईनीवरचं थर्मामीटर 55 दाखवत होतं. थंड टाकीत त्यांनी पुन्हा एकदा हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

काढलेला पंप खाली हौदापाशी नेऊन चढवायच्या पंपाला स्टँडबाय म्हणून बसवला. 32 मीटर हेड. तिथे तो अगदी चपखल बसला.