बंबाला वाट दिली त्या रात्री

त्या घरात चार दिवस सुकट भाजल्यासारखा वास येत होता, आणि घर तर पक्कं शाकाहारी. आजींनी सगळा दोष खालच्या मजल्यावर ढकलला होता. सूनबाईंना वाटलं, कपाटामागे उंदीर मेला असेल; त्यांनी तिथे फिनेल शिंपडलं. कोणी काही म्हणो, पाचव्या दिवशी रात्री सव्वादहाला ते कपाट पेटलं.

मी विम्याची सर्वेअर आहे. कुठे काही जळलं, बुडालं, आपटलं की कंपनी आम्हाला पाठवते. नुकसान किती, कशामुळे आणि पॉलिसीत ते बसतं का, एवढं पाहून रिपोर्ट द्यायचा. बावीस वर्षं हेच करतेय. लोकांना आम्ही कंपनीची माणसं वाटतो आणि कंपनीला वाटतं आम्ही लोकांना सामील आहोत. परवाना असतो ‘आयआरडीएआय’चा, म्हणजे विमा कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, चहा मात्र दोन्हीकडे गार मिळतो.

एप्रिल २०२५. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळची चार मजली सोसायटी, दोन विंग, मधे एकच गाडी जाईल एवढा बोळ. मी पोचले तेव्हा आग विझून दीड दिवस झाला होता. जिन्यातच ओल्या राखेचा वास येत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वहिनींनी हॉल पुसून घेतला होता. त्यांचं चुकलं असं नाही, पण आमच्या कामात पुसणं वाईट. नशिबाने बेडरूमला कोणी हात लावला नव्हता.

आधी दाराकडेच बघत राहिले. बाहेरच्या बाजूला मुलीचं शाळेचं वेळापत्रक सेलोटेपने चिकटवलेलं, जसंच्या तसं, फक्त वरचे दोन कोपरे तपकिरी होऊन वळलेले. तेच दार आतून पाहिलं तर करंगळीभर कोळसा. रात्री धूर दिसल्यावर घरच्या कर्त्याने बादली घेऊन दार उघडलं होतं, आणि उघडताच आतून भपका आला. वहिनींनी त्यांना मागे ओढून दार लावून टाकलं. “वेळापत्रक जळू नये म्हणून नाही हो, घाबरून लावलं,” त्या म्हणाल्या. कशानेही लावलेलं असो, बंब येईपर्यंत त्या दाराने हॉल, स्वयंपाकघर आणि पाच माणसं राखली. मोठ्या मुलीने मधल्या वेळात मेन स्विच पाडला. विजेच्या आगीवर पाणी टाकायच्या आधी करायची ती पहिली गोष्ट, आणि ती बारा वर्षांच्या पोरीला सुचली.

खोलीत भिंतीवर काजळीचा मोठा व्ही उमटलेला होता. आग वर आणि बाजूंना पसरत जाते, त्यामुळे त्या व्हीचं टोक जिथे, तिथून सुरुवात धरायची. टोक होतं कपाटाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर. कपाटाचा सांगाडा दोघांनी बाजूला घेतला. भिंतीत एक डबी होती. तिच्यात एक जाड तार आणि एक बारीक तार एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, वर इन्सुलेशन टेप असावी, तिचा आता काळा गोळा झालेला. जाड तार एसीसाठी नव्याने ओढलेली, चार स्क्वेअर एमएमची. बारीक होती बिल्डरने टाकलेली मूळची, दीडची. पिळाच्या जागी तांब्याचे मोहरीएवढे मणी झाले होते.

मग हॉलमधला डीबी, म्हणजे घरातली सगळी वीज जिथून वाटली जाते ती पेटी, उघडला. ओळीने एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच. सगळ्या पिवळट, १० आणि १६ अँपिअरच्या. त्यात एकच पांढरीशुभ्र, ३२ची.

“ही कधी बदलली?”

“मागच्या उन्हाळ्यात. सारखी पडायची. एसी लावला, गिझर लावला, इस्त्री घेतली की पडलीच. वायरमन म्हणाला, मोठी टाकून देतो. त्यानंतर एकदाही पडली नाही बघा.”

हे सांगताना त्या माणसाच्या आवाजात अजूनही थोडं समाधान होतं. मला काही बोलवेना. गिझर दोन हजार वॉटचा, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. आजींना बारमाही कोमट पाणी लागतं. दीड टनाचा एसी सात-आठ घेतो. इस्त्री चार. एवढं सगळं त्या दीडच्या तारेतून. १६ची एमसीबी पडत होती ती नाटकं करत नव्हती, तार तापतेय म्हणून ओरडत होती. तिच्या जागी ३२ची बसवली म्हणजे ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं.

आणि त्यातही खरा घात केला त्या सैल पिळाने. जॉइंट ढिला असला की त्या जागी तार तापते, पण म्हणून करंट वाढत नाही. एमसीबीला फक्त वाढलेला करंट दिसतो. तेव्हा अशा जॉइंटला १६ची असती तरी ती पडलीच असती, असं मी छातीठोक सांगणार नाही. सांगतं ते नाक. प्लग, स्विच, बोर्ड यांचं प्लास्टिक तापायला लागलं की मासळीसारखा वास सुटतो. आजींचा तो सुकटीचा वास म्हणजे भिंत चार दिवस आधी देत असलेली सूचना होती. खालच्या मजल्यावरचे बिचारे उगाच बोलणी खाऊन बसले.

“म्हणजे आमचीच चूक. आता पैसे नाही मिळणार ना?”

हा प्रश्न दर आगीत येतो. आगीचा विमा निष्काळजीपणाला सहसा नाकारत नाही, मुद्दाम लावलेल्या आगीला नाकारतो. वायरमनने वाईट काम केलं आणि घरच्यांना ते कळलं नाही, एवढ्यावर दावा पडत नाही. ज्या तारेत शॉर्ट झालं त्या तारेचे आणि त्या बोर्डाचे पैसे मी रकमेतून कापणार होते, ते पॉलिसीत बसत नाहीत. पण त्यांच्यामुळे बाकी जे जळलं ते बसतं.

पॉलिसी गृहकर्जाबरोबर बँकेने काढून दिलेली. २०२१च्या एप्रिलपासून घरासाठी कंपन्या विकतात ती ठरीव पॉलिसी, भारत गृह रक्षा. ह्यांनी ती कर्जाच्या फायलीत ठेवून दिली होती, हप्त्याचा एक भाग समजून. त्यावरचा साडेचौदा लाखांचा आकडा पाहून त्यांना धक्का बसला. “फ्लॅट पंचावन्न लाखांचा आहे मॅडम!” मी समजावलं: जमीन जळत नाही. विमा बांधकामाचा असतो, कार्पेट एरिया गुणिले बांधायचा खर्च. त्यांना माहीत नसलेली गोष्ट पुढेच होती. इमारतीचा विमा घेतला की तिच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं, वेगळी यादी न देता. म्हणजे दोन लाख नव्वद हजार. कपाट, गाद्या, कपडे, शिलाई मशीन. त्यांनी सामान यादीत धरलंच नव्हतं. मी वही काढून त्यांना परत खोलीत नेलं आणि कोपऱ्याकोपऱ्यातलं आठवायला लावलं. आठवताना वहिनी पहिल्यांदा रडल्या, मुलींच्या बारशाची झबली आली तेव्हा. त्यांची किंमत काय लावू?

दागिने मात्र वेगळं कलम घेतलं तरच, आणि रोख पैसे तर नाहीतच. आजींच्या पाटल्या कपाटात होत्या. आम्ही स्वयंपाकघरातली पिठाची चाळण घेतली आणि राख चाळायला बसलो, मी, आजी आणि ती बारा वर्षांची पोर. तासाभराने दोन्ही पाटल्या निघाल्या, डांबरासारख्या काळ्या. चिंचेने घासल्यावर चकाकल्या. सोनं वितळायला हजाराच्या वर तापमान लागतं, ही खोली तिथवर गेली नव्हती. आजींनी त्या तिथल्या तिथे हातात चढवल्या.

जाताजाता सवयीने गॅसची रबरी नळी पाहिली. सुरक्षा नळीची पाच वर्षं कधीच उलटून गेली होती. “नळीवर तारीख असते?” असते. सिलिंडर जवानांनी आल्याआल्या गच्चीवर नेऊन ठेवला होता, नाहीतर माझा रिपोर्ट वेगळा झाला असता.

मी आवरत होते तेव्हा दारात एक तरुण उभा होता. पस्तिशीचा, डोळे तांबारलेले. समोरच्या विंगमधला.

“मॅडम, गाडीचं पण तुम्हीच बघता का?”

चोरीचं काम तपासनीसाकडे जातं, माझ्याकडे नाही. पण तो ज्या तऱ्हेने उभा होता, मी बसले.

त्या रात्री बंब गेटपाशी येऊन अडकला. बोळात दोन्ही बाजूंना गाड्या. खाली आरडाओरडा झाला, “गाड्या काढा!” हा जेवणावरून उठून पळाला, सगळ्यात पुढे ह्याचीच गाडी होती. ती बाहेर काढली, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटपाशी लावली, आणि तसाच धावत परत आला, कारण आजींना खाली आणायचं होतं. त्यांना खुर्चीत बसवून उतरवणाऱ्या चौघांत हा एक. चावी गाडीतच. इंजिन बंद केलं होतं का, हे त्याला आजही आठवत नाही.

आग विझली, चहा झाला, बारा वाजले. प्लॉटवर गाडी नाही. त्याला वाटलं, गर्दीत कोणीतरी बाजूला लावली असेल. तासभर तो गल्ल्या हिंडला. फोन घरी चार्जिंगला होता. त्यावर १२ वाजून ४८ मिनिटांनी फास्टॅगचा मेसेज आलेला: पिंपळगाव बसवंत टोलनाका, रक्कम वजा. तो इंदिरानगरच्या गल्ल्यांत हाका मारत होता तेव्हा गाडी मुंबई-आग्रा रस्त्याने चाळीसेक किलोमीटर पुढे गेली होती. त्यानंतर टॅग गप्प. काढून फेकला असणार.

हा मेसेज वेळेवर पाहिला असता तर, हे मी त्याला म्हटलं नाही. तो स्वतःला म्हणतच होता.

गुन्हा त्याने पहाटे नोंदवला होता, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. मला बरं वाटलं. एफआयआर लगेच झाली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय. चावी आत राहिली हा पेच होता. कंपन्या दोन्ही चाव्या मागतात आणि ‘योग्य काळजी घेतली नाही’ म्हणतात. पण २०२३मध्ये चावी आत राहिलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. आणि ह्याच्याकडे तर कारण होतं, सगळी सोसायटी आणि अग्निशमन दलाचा अहवाल साक्षीला होता. तो बोलत असताना मी डोक्यात त्याचा दावा जवळजवळ लिहून काढला. पोलिसांची ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल, यायला वेळ लागेल, पण होईल.

“पॉलिसी दाखवा.”

“आहे ना, डिसेंबर २०२६पर्यंत आहे.” त्याने फोन पुढे केला.

पहिल्या पानावर दोन चौकटी असतात. २०१८च्या सप्टेंबरपासून नवी कार घेताना थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा, विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी यांचा, म्हणजे ओन डॅमेजचा, तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. एकच कागद, एकच नंबर, तारखा दोन. थर्ड पार्टी: डिसेंबर २०२६. ओन डॅमेज: डिसेंबर २०२४. चार महिन्यांपूर्वी संपलेला.

मी बोट ठेवलं. त्याने फोन जवळ घेतला, झूम केला, परत वाचला.

“फोन यायचे त्यांचे. रिन्यू करा, रिन्यू करा. मला वाटलं, तीन वर्षांचा भरलाय तर हे कशाला पिडतायत. ब्लॉक केला नंबर.”

नऊ-दहा हजारांचा प्रश्न होता. गाडीचे हप्ते अजून साडेतीन वर्षं जायचे आहेत. गाडी गेली म्हणून बँक हप्ता सोडत नाही. जो थर्ड पार्टी विमा शाबूत होता, त्याचा उपयोग एकाच बाबतीत: चोराने त्या गाडीने कुणाला उडवलं तर. ते मी त्याला सांगितलं, आरटीओला आणि कंपनीला लेखी कळवून पोच घे म्हणाले. हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हॉलमध्ये बसलेल्या आजींकडे पाहिलं. त्यांच्या हातात त्या पाटल्या.

“मॅडम, एक विचारू? मी गाडी काढलीच नसती तर?”

तर बंब आत आला नसता, पाइप गेटपासून ओढत आणावा लागला असता. दार किती वेळ टिकलं असतं कोण जाणे. मी त्याला करंगळीभर कोळसा दाखवला. मला दुसरं काही सुचलं नाही.

फ्लॅटचा रिपोर्ट मी आठवड्याभरात दिला, पैसे दीड महिन्यात आले. गाडी आजवर मिळालेली नाही. सोसायटीने बोळाच्या एका बाजूला पिवळा पट्टा मारलाय, त्यावर गाडी लावली की पाचशे दंड. त्यावरून दोन सभा भांडणात गेल्या, पण पट्टा आहे. डीबी सगळ्यांनी तपासून घेतले. आणखी दोन घरांत ३२ची एमसीबी निघाली, त्याच वायरमनची.

माझा नंबर कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून पॉलिसीच्या पहिल्या पानांचे फोटो येतात. पहिल्या अकरा गाड्यांत तिघांची तीच कथा, दोन तारखा आणि एक संपलेली. त्यांना लगेच फोन केले. तळमजल्यावरच्या आजोबांनी मात्र १९९८ सालच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीचे चारही कोपरे येतील असा फोटो काढून पाठवलाय आणि खाली विचारलंय, “यात गिझर बसतो का?”