वाईट बातमी साहेबापर्यंत किती लवकर पोचते

आज पीएचसीत, म्हणजे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, महिन्याची मीटिंग झाली, दुपारपर्यंत लांबली तरी कोणी घड्याळ पाहून रायलं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे मागच्या बाकावरच्या आशाताई पण बोलल्या. हे लिहून ठेवावंसं वाटलं. कारण टीम चांगली की वाईट हे मी आता एकाच गोष्टीवरून ओळखते, वाईट बातमी खालून वर जायला किती वेळ लागतो त्यावरून.

आयएलआरचंच घ्या. लसींचा तो फ्रीज २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो आणि तापमान दिवसातून दोनदा रजिस्टरला लिहायचं, रविवार असो की सण. मी आधी जिथं होते तिथं रजिस्टरमध्ये कायम चार. सकाळी चार, संध्याकाळी चार, मे महिन्यात चार, रात्रभर लाईन नव्हती तरी चार. लिहिणारी सिस्टर काही कामचुकार नव्हती, पण एकदा तिनं खरा आकडा लिहिला होता तेव्हा सगळ्यांसमोर तिची जी खरडपट्टी निघाली, त्यानंतर तिनं थर्मामीटर पाहणंच सोडलं असं मला वाटते. आकडा छान दिसायचा, लस कशी होती ते देवालाच माहीत.

इकडे मागच्या सोमवारी काय झालं, शनिवारी रात्रीपासून लाईन ये-जा करत होती, झाकण नीट बसलं नव्हतं, आणि सिस्टरनं सकाळी येऊन पाहिलं तर थर्मामीटर अकरावर. तिनं तिथूनच डॉक्टरसाहेबांना फोन लावला, "सर, अकरावर गेलं, काल संध्याकाळी कोणी पाहिलंच नाही." मी बाजूलाच होते, फोन स्पीकरवर होता. सरांचा पहिला प्रश्न "कोणाची ड्युटी होती" हा नव्हता. त्यांनी विचारलं, "व्हीव्हीएम काय सांगतो?" म्हणजे शिशीवरचा तो गोल, आतला चौकोन बाहेरच्या रंगापेक्षा फिका असेल तर लस चालते, सारखा किंवा गडद झाला की ती वापरायची नाही. मग त्या शिश्या वेगळ्या करून, वर चिठ्ठी लावून, जिल्ह्याला विचारेपर्यंत कोणाला द्यायच्या नाहीत असं ठरलं. त्या दिवशी एकाही लेकराला शंकेची लस गेली नाही, कारण एका बाईला फोन करायची भीती वाटली नाही.

आणि आज मीटिंगमध्ये सरांनी तेच काढलं, पण "चूक कोणाची" असं नाही, "आपल्या व्यवस्थेत कुठं भोक आहे" असं. तर निघालं की रविवार संध्याकाळची पाळी कोणाच्याच नावावर नव्हती, प्रत्येकाला वाटायचं दुसरा पाहते. आता फळ्यावर नावं लागली आणि लाईनमनचा नंबर आयएलआरच्या वरच भिंतीवर चिकटवला. रागावून हे निघालं असतं का? नसतं.

एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं ते आज परत आठवलं. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, औषध देण्यातल्या चुका किती होतात याचा. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, आणि निघाल्या जास्त. त्यांनी खोलात जाऊन पाहिलं तर चांगल्या टीममधली माणसं चुका लपवत नव्हती, सांगत होती, म्हणून कागदावर जास्त दिसत होत्या. १९९९ च्या पेपरात त्यांनी ज्याला टीममधली मानसिक सुरक्षितता म्हटलं ती हीच, म्हणजे चूक सांगितली तरी आपला अपमान होणार नाही हा भरवसा. माझ्या मते हे सुपरवायझर होणाऱ्या प्रत्येकाला आधी शिकवायला पाहिजे, फॉर्म भरणं नंतर.

पण सगळं साहेबावर टाकून पण चालत नाही. मीटिंगमध्ये मुंडी हलवायची आणि बाहेर चहाच्या टपरीवर "याले काय समजते बाप्पा" म्हणायचं, हे मी प्रत्येक ठिकाणी पाहिलं. ज्याला सांगायला पाहिजे त्याला सोडून बाकी सगळ्या गावाला सांगायचं. त्यानं टीम आतून सडते आणि साहेबाला पत्ता पण लागत नाही. आणि दुसरा रोग म्हणजे कान भरणं, ते तर त्याहून वाईट.

वेचणीच्या दिवसातली गोष्ट. एका गावात लसीकरणाला आया येतच नव्हत्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या गावाची ओळ लाल रंगात रोज रात्री यायची, आणि खाली ज्याच्या त्याच्या कमेंट. आशाताई गप्प. शेवटी सरांनी ग्रुपवर लिहिणं बंद केलं आणि तिला समोर बसवून विचारलं, "तुम्हाले काय वाटते ताई, काऊन नाही येत?" ती म्हणाली, "सर, बाया सकाळी आठलेच वावरात जातात, संध्याकाळी कापूस काट्यावर मोजल्याबिगर घरी येत नाहीत. तुमचं शिबिर अकराले." इतकं साधं होतं. तिला आधीपासून माहीत होतं, कोणी विचारलंच नव्हतं.

मग सकाळी सातला ठेवायचं ठरलं, पण त्यासाठी व्हॅक्सिन कॅरियर घेऊन जाणाऱ्या भाऊंना सहाला निघावं लागणार आणि सिस्टरला त्याच्याही आधी येऊन आइसपॅक बाहेर काढावे लागणार. भाऊ स्वतःच म्हणाले मी निघतो. सिस्टर म्हणाली, येते, पण त्या दिवशी मला दुपारी लवकर सोडा, घरी लेकरू लहान आहे. स्पष्ट बोलली ते मला फार आवडलं. आणि सरांनी तिची ती सवलत सगळ्यांसमोर सांगितली, म्हणून "तिलेच काऊन सोडता" अशी कुजबुज झाली नाही.

आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव आहे, तिथं ग्रामसभेत निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात, एकाला पटलं नाही तर बोलणं चालूच राहते. वेळ लागतो, पण ज्याचं ऐकून घेतलं तो नंतर पाय ओढत नाही. आम्ही महालक्ष्म्यांच्या सुट्ट्या यंदा अशाच ठरवल्या, मागच्या वर्षी कोण थांबलं होतं ते आधी पाहून, आणि कोणी रुसलं नाही. दवाखान्यात सगळंच असं करता येत नाही हे मला कळते, रात्री डिलिव्हरीत बाईला रक्तस्राव सुरू झाला तर तिथं एकानं हुकूम द्यावा आणि बाकीच्यांनी धावावं. पण असा प्रसंग संपला की दुसऱ्या दिवशी बसून बोलायलाच पाहिजे, परिचर आणि ड्रायव्हरला धरून. अँब्युलन्स का अडकली हे ड्रायव्हरशिवाय कोण सांगेल?

एक गोष्ट मात्र गोड बोलण्यानं सुटत नाही. आशांचा मोबदला अडकतो, महिने जातात, आणि मग कितीही आदरानं बोला, माणसाचं मन कामात लागत नाही, कसं लागेल. सरांच्या हातात ते पैसे नाहीत. पण बिल तालुक्यात आहे की जिल्ह्यात, कोणाचा कागद कमी पडला, हे तरी कळायला पाहिजे. मी आज मीटिंगमध्ये म्हणाले की दर महिन्याला हे फळ्यावर लिहू, कोणाला माझ्या मागं मागं फिरून विचारायला लागू नये. सर हो म्हणाले. उद्या तालुक्याला फोन करून पहिली यादी मीच लिहिणार आहे.