सिस्ट निघाली? आधी प्रकार विचारा

ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, एक्स-रेखाली पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या बघणं. त्या खोलीत डॉक्टरांच्या हातात स्कोप, म्हणजे दुर्बीण, असतो आणि गाइडवायर, म्हणजे नळीत सरकवायची बारीक तार, माझ्या. अंगावर शिशाचा जड एप्रन, संध्याकाळपर्यंत मान धरलेली. पण पडद्यावर डॉक्टरांना जे दिसतं ते मलाही दिसतं. कोलेडोकल सिस्ट, म्हणजे पित्तनलिकेचा जन्मजात फुगवटा, मी पुस्तकापेक्षा या पडद्यावरच जास्त शिकले.

आजार विरळा. पण ज्यांच्या रिपोर्टात हे दोन शब्द येतात, ते मोबाइलवर वाचून अर्धमेले होऊनच येतात. “सिस्टर, पित्ताची नळी काढून टाकणार ना? कॅन्सर होतो ना याचा?” मी उलट विचारते, एमआरसीपीच्या, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयच्या, रिपोर्टात प्रकार कितवा लिहिलाय? बहुतेकांनी ती ओळ वाचलेलीच नसते, आणि सगळं तिथेच तर ठरतं.

१९७७ मध्ये जपानच्या तोदानी आणि सहकाऱ्यांनी या सिस्टचे पाच प्रकार मांडले. आजही सगळीकडे तेच आकडे चालतात. पहिल्या प्रकारात यकृताबाहेरची मुख्य नळीच फुगते. सर्वांत जास्त रुग्ण याचे. चौथ्यात फुगवटे एकाहून जास्त, बऱ्याचदा यकृताच्या आतही. या दोन्हींत नळीचा फुगलेला भाग काढून उरलेली नळी आतड्याला जोडतात. ऑपरेशन मोठं आहे, पण कारणही तितकंच पक्कं आहे. या रुग्णांत पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी बऱ्याचदा आतड्याच्या भिंतीबाहेरच एकत्र येतात. तिथे झडपेचा धाक नसतो, म्हणून स्वादुपिंडाचा रस उलटा पित्तनलिकेत चढतो आणि तिचं अस्तर वर्षानुवर्षं पोळतं. पूर्वी सर्जन सिस्ट जागेवर ठेवून ती नुसती आतड्याला जोडून देत. रुग्णाला बरं वाटायचं, पण पुढे त्याच सिस्टमध्ये कॅन्सर उगवलेले दिसले आणि ती पद्धत मागे पडली. त्यामुळे पहिल्या प्रकाराचा रुग्ण “दुर्बिणीतूनच काहीतरी करा” म्हणतो तेव्हा मी डॉक्टरांच्या बाजूने असते. तिथे आमचं काम तात्पुरतं: खडा अडकला असेल तर काढायचा, नळीत पू झाला असेल तर स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी, टाकून निचरा करायचा आणि रुग्ण सर्जनकडे पाठवायचा.

तिसरा प्रकार मात्र वेगळ्याच घरातला. याला कोलेडोकोसील म्हणतात. पित्तनलिकेचं शेवटचं टोक लहान आतड्याच्या भिंतीत फुगतं. शंभर कोलेडोकल सिस्टमध्ये अशा मोजक्याच. बाकीच्या सिस्ट लहान मुलांत आणि त्यातही मुलींमध्ये जास्त निघतात. ही बऱ्याचदा मोठेपणी सापडते, पुरुषांतही तितकीच. पोटात कळा, पुन्हा पुन्हा स्वादुपिंडाला सूज, आणि कित्येकदा पित्ताशय आधीच काढून झालेलं असूनही दुखणं तसंच. रुग्णाला घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणायला लागलेले असतात. त्या वाक्याचा मला फार राग येतो.

पडद्यावर ती ओळखू येते. पित्ताचं तोंड जिथे असायला हवं तिथे गुळगुळीत, तुकतुकीत उंचवटा. कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, दाबला की मऊ लागतो. नळीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सोडला की आमच्या डोळ्यांदेखत टम्म फुगतो, आणि तेच शेजारच्या एक्स-रेच्या पडद्यावर काळ्या थेंबासारखं उतरतं. तसाच फुगवटा आतड्याच्या ड्युप्लिकेशन सिस्टचाही (आतड्याला चिकटलेली जन्मजात पिशवी) असू शकतो, म्हणून आधी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे दुर्बिणीच्या टोकाने आतून केलेली सोनोग्राफी, झालेलं असेल तर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो.

कठीण भाग असतो तो तोंड सापडण्याचा. उंचवट्यामुळे ते बाजूला किंवा खाली सरकलेलं असतं, आणि वायर नको तिथे, स्वादुपिंडाच्या नळीत, घुसू पाहते. त्या वेळी मी वायर मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवते. खोलीत कुणी बोललेलं मला चालत नाही. तोंड सापडलंच नाही, तर सुईसारख्या नीडल-नाइफने उंचवट्याचं छत उघडतात. सापडलं, तर स्फिंक्टरोटोम, म्हणजे टोकाला कापणारी तार असलेली नळी, आत घालून विजेच्या तारेने चीर. स्फिंक्टरोटॉमी नावाची ही चीर १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीत जवळजवळ एकाच वेळी सुरू झाली. चीर पुरेशी झाली की साचलेलं पित्त भसकन बाहेर येतं, मागोमाग गाळ, कधी बारीक खडे. निचरा मोकळा झाला की दुखण्याचं मूळच जातं. छोट्या कोलेडोकोसीलला बहुतेक वेळा एवढं पुरतं. फार मोठी असली किंवा अस्तर संशयास्पद दिसलं, तर सर्जन लागतोच. कॅन्सरचा धोका इथे पहिल्या आणि चौथ्या प्रकारापेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. म्हणून आतल्या अस्तराची बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी बारीक तुकडा, घेतात आणि पुढेही तपासणीला बोलावतात.

“नुसती दुर्बीण आहे” असं म्हणून कुणी हे हलक्यात घेतलं तरी मला पटत नाही. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती टाळायला आम्ही गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनची गोळी देतो. चिरेतून रक्त येऊ शकतं, क्वचित आतड्याला भोकही पडतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधीच सांगा, आम्ही विचारायची वाट पाहू नका. घरी गेल्यावर पोटदुखी वाढत गेली, थंडी वाजून ताप आला किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर ताबडतोब परत या. रक्तस्राव काही दिवसांनीही सुरू होऊ शकतो, हे मी नातेवाइकांना दोनदा सांगते. पहिल्यांदा सांगते तेव्हा त्यांचं लक्ष रुग्णाला चहा कधी द्यायचा याच्याकडे असतं.

डिस्चार्जच्या कागदावर प्रकाराचा आकडा, चीर दिल्याची नोंद आणि बायोप्सी पाठवली की नाही, या तीन गोष्टी आहेत का ते बघूनच निघा. नसतील तर काउंटरवरून परत वर या, लिहून घ्या. मी रागावणार नाही.